मागचं चाक

कालोकोलहून सुके मासे भरून निघालो की
उसासा टाकतं ते मागचंच चाक.
पुढच्याला फक्त रस्ता बघायचा असतो.
ओझं मागच्यावर,
आणि काटाही त्यालाच.

पंधरवड्यात सात वेळा बसलं.
एकदा कोरड्या नदीच्या अलीकडे, एकदा पलीकडे,
एकदा तर एपेटच्या टपरीवरून निघालो
आणि त्याची शिट्टी ऐकू येईल
एवढ्याच अंतरावर.
एपेट कधी चिडत नाही.
पन्नास शिलिंग.
कानशीनं घासतो, सोल्युशन लावतो, फुंकर घालतो,
वर हातोडीनं हलकेच थोपटतो
ढेकर काढावा तान्ह्याचा, तसं.
म्हणतो, "रस्ताच वाईट, एकाल."

रस्ता वाईट आहेच.
हिरवळ हवी म्हणून कुणी कधी आणलेली वेडी बाभूळ
आता नदीच्या पात्रात,
शाळेच्या फाटकात,
शेळ्यांच्या हिरड्यांत.
ट्यूबवर अकरा ठिगळं झाली.
एकेक मला ओळखीचं:
हे पाद्री मागे बसले होते तेव्हाचं, शिवी गिळली होती;
हे मध्यरात्रीचं, टायरात गवत कोंबून
सहा किलोमीटर रखडत आलो होतो;
हे कशाचं, आठवत नाही,
पण दुखलं होतं.

आठव्यांदा बसलं तेव्हा मागे आरुपे होती.
मांडीवर माशांची टोपली,
पायांशी बांधलेला दहा लिटरचा जेरीकॅन.
ऊन असं, की सावलीसुद्धा
गाडीखालून बाहेर यायला तयार नव्हती.

मी ट्यूब काढली, हवा भरली,
म्हटलं, थोडं पाणी दे,
बुडबुडा दिसल्याशिवाय भोक सापडत नाही.
ती म्हणाली,
"हे पिणाऱ्यांचं पाणी आहे.
चाकाला कसली आलीय तहान?"

मग माझ्या हातातून ट्यूब घेतली,
डोळे मिटले,
आणि पापणीजवळून ती फिरवत राहिली,
सावकाश,
झोपलेल्या लेकराचा श्वास चाललाय ना
ते बघतात तशी.
अर्ध्या वाटेवर थांबली.
"इथे."

मी डबी उघडून सोल्युशन काढलं.
"आणि काटा?"
म्हटलं, गेला असेल कुठे तरी वाटेत.
"शेळी लंगडली,
तर तू नुसती पट्टी बांधतोस?"

काय बोलणार.
तिनं टायरच्या पोटात हात घातला.
गोचीड शोधावी तशी बोटं आत चालत होती,
इंच इंच.
एक पूर्ण वेढा झाला. काही नाही.
मला मनातून जरा बरं वाटलं, खोटं का बोला.
दुसऱ्या वेढ्याला तिनं ओठ चावला
आणि बोट बाहेर काढलं,
टोकावर रक्ताचा एक मणी.

गळ्यातला लोखंडी चिमटा घेतला तिनं,
तोच, ज्यानं पोरांच्या तळव्यांतून
जन्मभर काटे उपसलेत.
निघालं ते तांदळाच्या दाण्याच्या निम्मं.
रबरात मोडून बसलेलं,
एरवी गप्प;
ओझं पडलं की तेवढं डोकं वर काढणारं.

साडेतीनशे शिलिंग.
एपेटची हातोडी, माझ्या शिव्या, सात संध्याकाळी,
आणि हे एवढंसं.

दोनशे वेळा पंप मारला.
मोजत ती होती.
एकशे चाळीसच्या पुढे तिचा घोळ झाला,
पुन्हा शंभरावर आली.
मी हरकत घेतली नाही.

लोडवारला सवयीनं टपरीपाशी थांबलो.
एपेटनं कानस उचललीसुद्धा.
मी काटा त्याच्या ऐरणीवर ठेवला.
त्यानं वाकून पाहिलं,
बराच वेळ पाहिलं,
मग खिळ्यांच्या डब्यात टाकला.
"रस्ताच वाईट," म्हणाला.

आरुपेनं उतरताना
भाड्यातले पन्नास कापून घेतले.

नवव्या दिवशी चाक पुन्हा बसलं.
वाळूत गुडघे टेकून आत हात घातला,
बोट टोचलं,
काढून उन्हात धरला:
हिरवा, ओला, टोकाला अजून साल.
ताजा होता.
का कोण जाणे, हसूच आलं.